दोराचं वरचं टोक

वैशाख लागला की आमच्या जळगावच्या घराच्या गच्चीवर बिबडे पडतात. ज्वारी भिजवायची, भरडायची, शिजवायची आणि गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायची. ऊन असं असतं, की सकाळी थापलेला बिबडा दुपारी हातात घेतला तर खडखड वाजतो. हे काम आमच्या घरी वहिनी करतात. त्यांचं वय झालं, डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण बिबडा दुसऱ्याच्या हातचा त्यांना चालत नाही. माझी बायको फडकं पिळून देते आणि मी कावळे हाकलतो. आमच्या घरात वैशाखाची एवढीच ओळख राहावी, असं मला फार वर्षं वाटत आलं आहे.

या वर्षी बिबड्यांच्या खाटेवर, कोपऱ्यात जागा करून, माझ्या मुलीनं एक खोकं आणून ठेवलं. तेजू पुण्याला नोकरी करते, सुटीवर आली आहे. सुटी संपायच्या आत ती मालवणकडे समुद्रात बुडी मारायला जाणार. साधी बुडी नाही. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, पायात रबरी पंख. त्याचे धडे ती पुण्यातल्या एका पोहण्याच्या हौदात घेते आहे. खोक्यात डोळ्यांवर आणि नाकावर बसणारी काच होती. फोनवरून मागवलेली.

तिनं काच चेहऱ्यावर धरली, पट्टा मागे टाकला नाही. म्हणाली, "बाबा, बघा. पट्टा न लावता नाकानं श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. काच चिकटून राहिली तर ती आपल्या चेहऱ्याची. पडली तर नाही."

पडली. नेमकी बिबड्यावर पडली.

"मोडला ना मना बिबडा," वहिनी म्हणाल्या.

"अगं मोठी आई, हजारो लोकांनी चांगली म्हटलंय हिला!" तेजू फोन पुढे करत म्हणाली.

मी म्हणालो, "त्या हजारांत तुझा चेहरा होता का?"

"सर म्हणालेच होते, बाकी काही मागवा, काच मात्र दुकानात जाऊन तोंडाला लावून घ्या."

"मग?"

"स्वस्त होती, बाबा."

आम्ही दोघं हसलो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी ती काच पट्ट्याला धरून उचलली, परक्याच्या घरची वस्तू उचलावी तशी, आणि खोक्यात ठेवून झाकण लावलं. मग फडकं घेऊन गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसल्या. तेजूला त्यातलं काही कळलं नाही. तिला इतकंच माहीत आहे, की तिचे मोठे काका ती जन्मायच्या आधी विहिरीत गेले. आमच्या घरात आलेली ही दुसरी काच आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

---

आमचं गाव पाचोऱ्याच्या पलीकडे. गिरणेच्या बाजूला केळी, वरच्या हलक्या रानात कपाशी. लहानपणापासून माझ्या डोक्यात गावाचा नकाशा आहे तो रस्त्यांचा नाही, विहिरींचा. कोणती विहीर गोड, कोणती मचूळ, कोणतीला पायऱ्या, कोणतीत पाणमांजर. विहिरीची खोली तेव्हा फुटांत कुणी सांगत नसे. परसांत सांगत. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस. शेजारच्या शेताच्या आबांची जुनी विहीर आठ परस, आमची सहा. पुढे सगळी नोकरी मी टेपनं विहिरी मोजण्यात घालवली, सेंटिमीटरपर्यंत मोजल्या, पण परस हे माप मला अजून सगळ्यांत खरं वाटतं. विहिरीत किती माणूस मावतो, हे ते न विचारता सांगतं.

वैशाखात पाणी खाली जातं. मग ज्याच्या त्याच्या विहिरीत मोटर खाली सरकवण्याचं काम निघतं. पाणी जसं उतरेल तशी मोटर उतरवायची. त्या खटाटोपात काही ना काही तळाला जातं: पाना, फूटव्हॉल्व्ह, कधी सगळी मोटर. पडलेलं काढायला गावात माझा मोठा भाऊ होता. आम्ही त्याला दादा म्हणायचो. शेती करायचा, पण त्याचा जीव पाण्यात. घागरी काढल्या, मनगटी घड्याळ काढलं, एकदा एक बकरी काढली. बकरी जिवंत होती, आणि वर आल्याआल्या तिनं दादालाच शिंग मारलं. बदल्यात तो फक्त जेवण घ्यायचा आणि ते जेवताना तळ कसा होता याचं वर्णन करायचा. वर्णन दर वेळी वाढायचं. आमचे वडील, नाना, म्हणायचे, "याना इहिरीले तळ कमी, अन् गोष्टीले जास्ती."

त्या उन्हाळ्यात मी धुळ्याहून, देवपुरातल्या कॉलेजची शेवटची परीक्षा देऊन घरी आलो होतो. नव्वद सालच्या अलीकडे-पलीकडे. आंब्याच्या कैऱ्या आल्या होत्या आणि लग्नाचे बँड रोज कुठून तरी ऐकू यायचे. पोस्टमन सायकलवरून व्ही.पी.चं पार्सल घेऊन आला. दादानं एका मासिकातली जाहिरात बघून मुंबईहून मागवलं होतं. आत डोळ्यांची काच, रबरी पंख आणि एक जाडजूड पिवळी बॅटरी. पाण्यात बुडली तरी जळणारी.

नानांनी पार्सल उलटंसुलटं करून पाहिलं. "पाचोराले काय दुकानं बंद पडनात का?"

"पाचोराले हे भेटत नही, नाना."

"तो मुंबईवाला तुले ओयखस का?"

"त्याले माले कशाले ओयखना पडी? पैसा ओयखस तो."

त्या वेळी हे उत्तर आम्हाला फार आवडलं होतं. वहिनीसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. पण गेल्या काही वर्षांत, घरी रोज खोकी यायला लागल्यापासून, मला नानांचा प्रश्न पुन्हा पुन्हा आठवतो. पाचोऱ्याच्या दुकानदाराकडून आपण साधा दोर घ्यायला गेलो, तरी तो विचारायचा, कशाला पाहिजे? विहिरीला? किती परस? मग हा नको, तो न्या. त्या विचारण्याचा आपल्याला कंटाळा यायचा. पार्सल काही विचारत नाही. त्याच्यासोबत एक इंग्रजी कागद होता, चित्रांचा. मी तो दादाला वाचून दाखवला. समुद्रात उतरण्याआधी काय काय बघायचं ते सगळं त्यात नीट लिहिलेलं होतं, आणि लिहिलेलं खरंच होतं. विहिरीबद्दल एक अक्षर नव्हतं. असणार तरी कसं? ज्यानं तो कागद लिहिला त्यानं आठ परस विहीर पाहिलेली नसणार. समुद्राच्या पाण्यावर मोकळी हवा असते. तिथला धोका पाण्याखाली सुरू होतो. विहिरीच्या पाण्यावर विहीरच असते.

---

काच दादाच्या तोंडाला बसेना. मिशीखालून पाणी शिरायचं. दादाची मिशी झुपकेदार होती आणि शेजारच्या शेताचे आबा रोज आमच्या विहिरीजवळच्या हौदाशी येऊन गंमत बघायचे. आबा म्हणजे नानांच्या वयाचे, नानांचे जुने दोस्त.

"मिशी काढी टाकस," दादा वैतागून म्हणाला.

"बाप जित्ता शे अन् मिशी काढस का रे?" आबा ओरडले. आमच्याकडे बाप गेल्यावर मुलगा मिशी उतरवतो. नाना तिथंच बाजेवर बसलेले. "मी काय मरी गयू का?" ते म्हणाले, आणि सगळे हसलो.

मग दादानं इंजिनाचं ग्रीस काढलं आणि मिशीला चोपडलं. पाणी थांबलं.

"मंग आते इंजिनले काय लोणी लावशी?" आबा म्हणाले.

त्या दिवशी आमच्या विहिरीत दादानं ती काच मलाही दिली. मी फार पोहणारा नव्हे. पायरी धरून नुसतं तोंड पाण्यात घातलं. आयुष्यभर मी ज्या विहिरीचं पाणी प्यायलो, तिचा तळ मला त्या दिवशी दिसला. आधी माझेच पाय दिसले, पांढरे, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. खाली हिरवा उजेड आणि त्यात वरून आलेली उन्हाची एक तिरपी पट्टी. पट्टीत बारीक कण हळूहळू वर जात होते. तळाच्या खडकातून झरा फुटत होता तिथली वाळू जागच्या जागी उकळल्यासारखी हलत होती. आवाज मात्र नव्हता. मी तोंड वर काढलं तेव्हा दादा पायरीवर बसून माझ्याकडे बघत होता. मिशीला काळं ग्रीस, डोळे चमकत होते. "दिसनं का?" तो म्हणाला. "माले वाटे, मीच खोटं सांगस की काय."

त्याच्या गोष्टी खऱ्या होत्या. त्या कुणाला तरी दाखवाव्यात एवढ्याचसाठी त्यानं ती काच मागवली असावी, असं मला आता वाटतं.

---

बंद पडलेल्या किंवा अरुंद विहिरीत उतरण्याआधी आमच्याकडे कंदील सोडतात. नारळ फोडायचा, हळदकुंकू वाहायचं आणि दोराला कंदील बांधून पाण्याला टेकेपर्यंत हळूहळू खाली न्यायचा. जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर नाही उतरत. मग कडुलिंबाच्या फांद्या बांधून खालीवर करायच्या, आतली हवा ढवळायची, पुन्हा कंदील सोडायचा. नारळ आणि कंदील एकाच ताटात येत असल्यामुळे कंदील हाही पूजेचाच भाग आहे, असं निम्म्या गावाला वाटायचं. विज्ञान शिकून आलेल्या मलासुद्धा ज्योतीला हवा लागते हे पुस्तकात पाठ होतं, पण विहिरीवर उभं राहून ते पुस्तक कधी आठवलं नव्हतं. तिथे ते नानांचं काम होतं. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कारण हे वाचून कुणी कंदिलावर विसंबू नये. कंदील सगळं सांगत नाही. विहिरीत इंजिन चालवलं आणि त्याचा धूर आत कोंडला, तर कंदील छान जळत राहतो आणि माणूस मरतो.

आबांची एक जुनी विहीर होती, दगडी, अरुंद, आठ परस. काठाला पिंपळ उगवलेला. बरीच वर्षं ती झापांनी झाकून ठेवली होती. त्या उन्हाळ्यात मोठ्या विहिरीचं पाणी केळीला पुरेना, म्हणून झापं काढून तिच्यात मोटर सोडली, आणि सोडतानाच दोर निसटून मोटर तळाला गेली. घड टाकायला आलेली केळी वैशाखात आठवडाभर तहानली तर गेलीच. आबा सकाळीच आमच्या दाराशी आले.

विहिरीवर आम्ही चौघं होतो: आबा, नाना, दादा आणि मी. नानांनी नारळ फोडला. कंदील पेटवून हातात घेतला. दादा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या नाना, आज हाई सोडू." आणि त्यानं ती पिवळी बॅटरी बारीक दोरीला बांधून खाली सोडली.

ते दृश्य सुंदर होतं. हे मी लपवणार नाही. कंदिलाचा उजेड जेमतेम चार दगड दाखवायचा. बॅटरीनं सगळी विहीर दाखवली. दगडांतली पाखरांची बिळं, मुळ्या, ओल. उजेड पाण्याला टेकला, आणि विझण्याऐवजी पाण्यात शिरला. पाणी पोपटी झालं. तळाला, पिंपळाच्या कुजलेल्या पानांच्या थरावर, आबांची मोटर आडवी पडलेली दिसली.

"दिसनी! दिसनी!" आबा टाळ्या वाजवायला लागले.

नानाही वाकून बघत होते. ते कितीतरी वेळ बघत राहिले. "जयी ऱ्हायना ना अजून?" त्यांनी विचारलं. जळतो आहे ना.

"पाणीमा जयी ऱ्हायना, नाना!" दादा म्हणाला.

"मंग उतर," नाना म्हणाले. आणि हातातला कंदील त्यांनी तोंडाजवळ नेला, फुंकर घातली आणि विझवला. तेलाचा फुकट खर्च नको, म्हणून.

त्यांच्यावर माझा राग नाही. तेव्हाही नव्हता. उजेड खाली जावा आणि राहावा, हे त्यांच्या बापानं शिकवलं होतं, आणि तो खाली गेला होता, राहिला होता. आम्ही चौघांनी तो पाहिला. ज्या उजेडाला श्वास लागत नाही, त्याला श्वासाबद्दल विचारू नये, हे चौघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

दादानं काच कपाळावर सरकवली. भिंतीतून बाहेर काढलेल्या दगडांवर पाय देत तो उतरायला लागला. एक जाड दोर त्याच्या हातात होता, मोटरीला बांधायला. वरचं टोक माझ्याकडे. आबांनी सांगितलं, कमरेला बांध. "दोर मोटरले बांधना शे, माले नही," दादा खालून म्हणाला. दोराला दर परसाला गाठ होती, विहीर मोजायची. एकेक गाठ माझ्या हातातून सरकत होती. पाचवी गाठ गेली आणि दादा थांबला. त्यानं वर पाहिलं. काहीतरी बोलला, पण हळू; मला ते ऐकू आलं नाही. मग त्याचा हात दगडावरून सुटला. तो ओरडलाही नाही. पाण्याचा आवाज आला आणि माझ्या हातातला दोर हलका झाला.

मी दोर टाकला आणि उतरायला लागलो. दोन दगड उतरलो असेन. मागून माझी कॉलर आणि केस एकदम कुणीतरी धरले. न्याहरीच्या भाकरी घेऊन वहिनी बांधावरून येत होत्या. आबांची हाक ऐकून त्या टोपली टाकून धावल्या होत्या. अंगानं त्या बारीक. पण काठाला टाचा रोवून बसल्या आणि सुटेनात. मी शिव्या दिल्या. त्यांच्या हाताला चावलो. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी मला भाऊजी आणि तुम्ही म्हटलं होतं. त्या क्षणी पहिल्यांदा आणि शेवटचं त्या मला तू म्हणाल्या.

"एक गया. तुले मी जाऊ देवाव नही."

मग आबांना म्हणाल्या, "आबा, याले धरा. फांद्या तोडा. गळ आना."

पडलेल्या बादल्या काढायचा लोखंडी आकड्यांचा गळ आणायला केळीतून धावत आलेला आबांचा गडी पळाला. आजूबाजूच्या शेतांतून माणसं आली. फांद्या खालीवर होत होत्या, गळ फिरत होता, आणि तळाला ती बॅटरी जळतच होती. दादा वर आला तेव्हा फार उशीर झाला होता. कपाळावरची काच तशीच होती. ग्रीसही तसंच होतं.

सगळे दादाभोवती असताना नाना विहिरीशी गेले. त्यांनी कंदील पुन्हा पेटवला आणि तशाच गाठींच्या दोरानं सोडला. फांद्यांनी हवा इतकी ढवळल्यावरही तो पाचव्या गाठीच्या खाली विझला. वर ओढला, पेटवला, दुसऱ्या बाजूनं सोडला. तिथंच विझला. तिसऱ्या वेळी त्यांच्या हातून काडी पेटेना. मी त्यांच्या हातातून काडेपेटी काढून घेतली. त्यानंतर नानांनी कुठल्याही विहिरीवर नारळ फोडला नाही.

---

वहिनींचं माहेर धुळ्याकडचं, पांझरेकाठचं. त्या लहान असताना तिथं एका विहिरीत एक माणूस उतरला होता. त्याला काढायला भाऊ उतरला, भावाला काढायला मुलगा. एका घरातले तिघं एका ओळीत अंगणात ठेवलेले वहिनींनी पाहिले होते. म्हणून दादा विहिरीवर निघाला, की त्या म्हणायच्या, दोर कमरेला बांधा, आणि वर कोण आहे ते सांगून जा. दादा चेष्टा करायचा, "वर देव शे."

पण हे गावाला माहीत नव्हतं, आणि माहीत झाल्यावर पटलं नाही. गावात एक वाक्य फिरायला लागलं: धाकटा उतरत होता, हिनंच धरला. तेरावा होईपर्यंत ते वाक्य कुजबुजीत होतं, नंतर पाणवठ्यावर उघड आलं. मग त्याला शेपूट फुटलं, नवरा गेला तरी चालेल, दीर पाहिजे. ते मी इथे लिहितो आहे, कारण ज्यांनी ते म्हटलं त्यांतले काही अजून पारावर बसतात, आणि वहिनींना पाहून अजून गप्प होतात. तसं गप्प होणं म्हणजे बोलणंच.

मला पुढे पाण्याची पातळी मोजण्याची सरकारी नोकरी लागली. चाळीसगावपासून रावेरपर्यंत किती विहिरींच्या काठावर वाकलो, त्याची नोंद कचेरीत आहे. जीपमध्ये मी एक कंदील ठेवायचो. सोबतचे हसायचे. पुढे हवा तपासायचं यंत्र मिळालं, तेही ठेवायचो. नाना गेल्यावर वहिनींना मी जळगावला आणलं. शेताच्या कागदांवर सही करायला त्यांना गावी जावं लागतं, तेव्हा त्या दिवस मावळताना पोचतात, कपाळाच्या खालपर्यंत पदर ओढून घरात शिरतात आणि पहाटे निघतात. वैशाखात तर कधीच जात नाहीत.

एकदाच त्यांनी मला विचारलं. इथेच, गच्चीवर, बिबडे उचलताना. "भाऊजी, मी तुम्हाला सोडलं असतं तर ते वाचले असते का?"

मी आकड्यांचा माणूस. मी त्यांना सगळं मांडून दाखवलं. कंदील पाचव्या गाठीच्या खाली विझला. दादा पाचव्या गाठीला थांबला. मी त्याच दगडांवरून उतरत होतो. मी पाचव्या गाठीला दादापेक्षा वेगळा कसा राहिलो असतो?

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही जित्ते शेतस. तुम्ही तर असंच सांगशात."

ज्याचा फायदा झाला त्याची साक्ष चालत नाही, हे मलाही कळतं. मी कितीही मोजलं तरी मोजणारा मीच होतो.

---

काच खोक्यात गेली, त्याला आता दोन दिवस झाले. काल संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपून आम्ही बसलो होतो. तेजू आईला पुढे उभी करून बुडीआधीची तपासणी दाखवत होती. टाकीऐवजी आईच्या पाठीला उशी बांधली होती.

"आपली आपण नाही करायची. जोडीदाराची करायची. जॅकेट बघायचं, वजनाचा पट्टा बघायचा, बकलं ओढून बघायची, मग हवा."

फडक्यांच्या घड्या घालत वहिनी पाठमोऱ्या बसल्या होत्या. न वळता त्यांनी विचारलं, "हवा कशी बघतस?"

"नळी तोंडात घेऊन श्वास घ्यायचा आणि काट्याकडे बघायचं. श्वास घेताना काटा हलला, तर काहीतरी चुकतंय. उतरायचं नाही."

"म्हणजे तो तुमचा कंदील," वहिनी म्हणाल्या.

तेजूला ते समजलं नाही. "कसला कंदील?"

"काही नही. वर कोण ऱ्हास?"

"वर बोट असते ना. बोटीवर माणूस असतो. आणि खाली जोडीदार."

"अन् जोडीदारले काही व्हयनं तर?"

तेजू उशी सोडत होती. गाठ सोडवता सोडवता ती अगदी सहज बोलली, शाळेतला पाढा म्हणावा तसं. "पहिल्यांदा थांबायचं. लगेच झेपावायचं नाही. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, पाण्यात उतरायच्याही आधी. एक माणूस गेला असेल तर त्याच्या मागे दुसरा जाऊ द्यायचा नाही. कुणी भावनेच्या भरात निघाला, तर त्याला धरून ठेवायचं. मारायला लागला तरी सोडायचं नाही. जो धरून ठेवतो त्यानं एक जीव वाचवलेला असतो, असं म्हणाले."

माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो मी खाली ठेवला नाही, ठेवल्याचा आवाज झाला असता.

वहिनींच्या हातातली घडी अर्धी राहिली. त्या वळल्या.

"पुन्हा सांग."

तेजूनं पुन्हा सांगितलं. आता जरा सावकाश, कारण आम्हा दोघांचे चेहरे तिनं पाहिले होते.

"त्या सरले आपलं काही माहीत शे का? तू सांगं का?"

"नाही गं मोठी आई. मला तरी कुठे काय माहीत आहे? ते सगळ्यांनाच सांगतात."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. जो कुणी शिकायला येतो त्याला."

खाली रस्त्यावरून लग्नाचा बँड गेला, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत वहिनी ऐकत राहिल्या. मग त्यांनी घडी पुरी केली, मांडीवर ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला. त्यांच्या मनगटाच्या वर एक पांढरी, अर्धगोल खूण आहे. ती माझ्या दातांची आहे.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "उद्या गावी जाऊ."

"उद्या? वैशाखात?"

"हा. अन् पोरीलेबी लई जाऊ."

मी सवयीनं म्हणालो, "संध्याकाळची गाडी धरू. अंधार पडता पडता पोचू."

"नही," वहिनी म्हणाल्या. "सकाळनी. पारवर लोक बसतस तव्हय पोचू."